फोडी नकोत, नुसता रस्सा वाढा

वाचकांचं पत्र

नमस्कार. आम्ही कागल तालुक्यातले. माझे यजमान ४८ वर्षांचे आहेत, फाउंड्रीत भट्टीवर सुपरवायझर. दिवाळीनंतर एका रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा एवढा सुजला की अंगावरची चादरही सोसवेना. रक्त तपासलं, युरिक ॲसिड ९.१ निघालं. डॉक्टर म्हणाले गाऊट आहे, आणि युरिक ॲसिड उतरवणारी ॲलोप्युरिनॉलची गोळी लिहून दिली. दुसऱ्याच आठवड्यात अंगठा परत सुजला. "गोळीनंच वाढलं" म्हणून यांनी ती सोडून दिली. मग माझ्या जावेनं व्हॉट्सॲपवर पथ्याची यादी पाठवली, ती मी फ्रीजवर लावली. डाळ, मटकी, टोमॅटो, पालक, फ्लॉवर, दही, लिंबू सगळं बंद. चार महिन्यांत आठ किलो उतरले, सारखे चिडतात, आणि तरी दुखणं दोनदा येऊन गेलं. मटणाच्या फोडी खात नाहीत, रविवारी नुसता रस्सा घेतात. बिअर सोडली, त्याऐवजी उसाचा रस नाहीतर थंड पेय पितात. सासूबाई म्हणतात एकादशी निर्जळी धर, अंगातलं विष निघून जाईल. बीपीची गोळी आधीपासून चालू आहे. पुढच्या महिन्यात गावची जत्रा आहे, तेव्हा काय करू? आणि डाळ कधी सुरू करू?

उत्तर

ताई, डाळ आज संध्याकाळीच शिजवा. वरणात टोमॅटो घाला, वर लिंबू पिळा, आणि फ्रीजवरची ती यादी काढून टाका.

अशा याद्या घरोघरी फिरतात आणि त्यात दोन-तीन आजारांची पथ्यं एकमेकांत मिसळलेली असतात. पालक आणि टोमॅटो बहुतेक मुतखड्याच्या पथ्यातून आलेत. तिथं प्रश्न ऑक्झॅलेटचा, म्हणजे मुतखडे बनवणाऱ्या घटकाचा असतो. आंबट बंद हे जुन्या सांधेदुखीच्या पथ्यातलं. लिंबानं किंवा ताकानं युरिक ॲसिड वाढत नाही. डाळ, मटकी, फ्लॉवर मात्र यादीत आले ते त्यांच्यात प्युरिन असतं म्हणून. प्युरिन प्रत्येक जिवंत पेशीत असतं, ते मोडलं की युरिक ॲसिड तयार होतं. म्हणून कागदावर तर्क बरोबर वाटतो. पण माणसांच्या अंगात काय घडतं ते पाहिलं तेव्हा चित्र वेगळं निघालं. अमेरिकेत ४७ हजारांहून जास्त पुरुषांच्या खाण्याची १२ वर्षं नोंद ठेवली गेली आणि २००४ साली तिचे निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. सर्वांत जास्त मांस खाणाऱ्यांना, सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या मानानं, गाऊटचा धोका ४१ टक्के जास्त होता. मासे आणि कोळंबी-खेकड्यांसारख्या गोष्टी जास्त खाणाऱ्यांना ५१ टक्के जास्त. वाटाणे, डाळी, पालक, फ्लॉवर, मशरूम खाणाऱ्यांना मात्र धोका वाढलाच नाही. आणि दूध-दुभतं भरपूर घेणाऱ्यांना तो ४४ टक्क्यांनी कमी होता.

म्हणजे तुमच्या घरातून जे गेलं ते जायला नको होतं. रविवारी ताटात जे येतं, त्याच्याकडे मात्र कुणी बोट दाखवलेलं नाही.

फोडी नकोत, नुसता रस्सा. कोल्हापूरकडच्या माणसाला हे मोठं पथ्य वाटतं, कारण समोर मटण असताना हात आवरणं सोपं नाही. तुमच्या यजमानांनी हा त्याग मनापासून केला असणार, म्हणून हे लिहिताना मला वाईट वाटतंय. पण आपला रस्सा कसा होतो ते आठवा. मटण हळद-मीठ लावून भरपूर पाण्यात शिजवायचं, ते आळणी पाणी वेगळं काढायचं. त्यातल्याच पाण्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू पडले की पांढरा रस्सा. कांदा-लसूण चटणी आणि तर्री आली की तांबडा. प्युरिन पाण्यात विरघळतं. तासभर मटण शिजलं की फोडीतलं बरंचसं प्युरिन त्या आळणी पाण्यात उतरतं. आपण ते पाणी वाटीनं पितो, संपलं की आणखी मागतो, भाकरी कुस्करून खातो. दोन फोडी खाऊन उठणारा माणूस तीन वाट्या रस्सा पिणाऱ्यापेक्षा बरा. पायाचं सूप "हाडांना चांगलं" म्हणून कुणी आणून दिलं तर तेही याच कारणासाठी नको.

घरी हवं तर आळणीच्या जागी भाज्यांचं पाणी वापरून पांढरा रस्सा करा. कांदा, गाजर, दुधी, आलं, लसूण आणि खडा मसाला उकळून गाळून घ्यायचं, पुढची कृती तीच. चव तीच येणार नाही. पण वाटी हातात असेल, आणि रविवारी सगळ्यांबरोबर जेवल्यासारखं तरी वाटेल. शिवाय अंडी आहेत. अंड्यात प्युरिन नगण्य असतं, हे फार जणांना माहीत नाही. रविवारी अंड्याची आमटी करा, निर्धास्त खाऊ दे त्यांना. पूर्ण बंद ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत: कलेजी, वजडी, भेजा, रक्ती-मुंडी; सुकट-जवळा; आणि तारली, बांगडा, मांदेली असे तेलकट किंवा छोटे मासे. पंधरा दिवसांतून एकदा तीन-चार फोडी चिकन किंवा मटण, रश्शाविना, आजार आटोक्यात असताना चालतं.

आता उसाचा रस. बिअर सोडली हे फार चांगलं केलं. दारूंमध्ये गाऊटला सर्वांत वाईट तीच. यीस्टमुळे तिच्यात प्युरिन असतं आणि अल्कोहोलमुळे मूत्रपिंडं युरिक ॲसिड बाहेर टाकायला मागे पडतात, म्हणजे दोन्हीकडून फटका. व्हिस्की-रम निर्दोष आहेत असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. पण बिअरच्या जागी जे आलं त्याचंही युरिक ॲसिड होतंच. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. यकृतात फ्रुक्टोज शिरलं की ते घाईघाईनं पेशींमधली ऊर्जा खर्च करतं, आणि त्या खर्चातून उरलेल्या चुऱ्याचं युरिक ॲसिड बनतं. फ्रुक्टोज हे असं काम करतं, ग्लुकोज करत नाही. त्यामुळे मटण-दारूला शिवत नसलेली, पण रोज बाटलीभर थंड पेय पिणारी पंचविशीतली मुलंही हल्ली अंगठा धरून दवाखान्यात येतात. आपल्या भागात उसाचा रस, काकवी, गूळ घरचा असतो, म्हणून तो औषधी वाटतो. युरिक ॲसिडच्या बाबतीत गूळ आणि साखर यांत मला फरक करता येत नाही. चहात एक चमचा चालेल. ग्लासभर रस नको, फळांचा रसही नको. अख्खं फळ मात्र खाऊ द्या: पेरू, संत्रं, जांभळं, पपई. फळातला चोथा गोडी हळूहळू सोडतो, आणि एका बैठकीत कुणी सहा संत्री खात नाही.

बिनसाखरेची कॉफी घेत असतील तर सोडवू नका. कॉफी घेणाऱ्यांत गाऊट कमीच दिसतो.

दुधाचं थोडं सविस्तर लिहिते, कारण तुम्ही दुधाच्या मुलखात राहता आणि दहीच बंद करून बसलात. दुधातली प्रथिनं युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर काढायला मदत करतात. अभ्यासात फायदा दिसला तो मुख्यतः कमी स्निग्धांशाच्या दुधाचा. म्हणून म्हशीचं दूध तापवून, गार करून, साय काढून द्या. कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण पिण्याची सवय असेल तर ती मोडा; कच्च्या दुधानं दुसरेच आजार यायचे. दिवसाला दोन पेले दूध किंवा तेवढंच दही-ताक ठेवा. भट्टीवरच्या माणसाला दुपारचं पातळ ताक सर्वांत सोयीचं. बीपी आहे, तेव्हा मीठ चिमटीभरच.

भट्टी म्हटलं की पाण्याचा प्रश्न आलाच. तिथं आठ तास घाम गाळणाऱ्याची लघवी दुपारपर्यंत गर्द पिवळी होते, आणि आटलेल्या लघवीतून युरिक ॲसिड नीट बाहेर पडत नाही. त्यांच्याबरोबर दोन लिटरची बाटली द्या आणि ती शिफ्टमध्येच संपली पाहिजे असं ठरवा. घरी आल्यावर आणखी लिटरभर. लघवी फिकट दिसली की पाणी पुरतंय. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यानं डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर मात्र त्यांचंच ऐका.

निर्जळी एकादशी धरू नका, ताई. सासूबाईंना नीट समजावून सांगा, त्यांचा हेतू चांगलाच आहे. पोट दिवसभर रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन तयार होतात, आणि मूत्रपिंडातून बाहेर पडताना कीटोन आणि युरिक ॲसिड एकाच वाटेवर येतात. कीटोन पुढे जातात, युरिक ॲसिड मागे राहतं. त्यात पाणीही नाही. उपवासानं उलट झटका येतो. आखाडात मटणावर ताव मारून लगेच श्रावणात कडक उपवास धरणाऱ्यांचा अंगठा याच कारणानं सुजतो. उपवास करायचाच असेल तर दूध, ताक, फळं, राजगिरा असा खाऊन-पिऊन करा.

चार महिन्यांत आठ किलो, हेही मला खटकलं. वजन जास्त असेल तर ते उतरणं चांगलंच, आणि आठवड्याला साधारण अर्धा किलो हा वेगही ठीक, पण पोटभर जेवून. डाळ नाही, दही नाही, मांस नाही, मग या माणसाला प्रथिनं कुठून मिळत होती? भाकरी-दुधी खाऊन भट्टीवर उभा राहणारा माणूस चिडणारच. उपाशी राहून वजन उतरलं तरी युरिक ॲसिड वाढतं. मधल्या दोन झटक्यांना याचाही हातभार लागला असेल.

एवढं सगळं लिहूनही माझं मुख्य म्हणणं पुढंच आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे. पथ्यानं सगळं जमतं असं सांगितलं तर लोकांना माझं बोलणं जास्त आवडेल. पण ९.१ हा आकडा एकट्या पथ्यानं खाली येणार नाही. शरीरातलं सुमारे दोन तृतीयांश युरिक ॲसिड शरीर स्वतःच बनवतं, जुन्या पेशी मोडून. खाण्यातून येतो तो उरलेला एक तृतीयांश. सगळं पथ्य अगदी काटेकोर पाळलं तरी आकडा साधारण एकनं उतरतो. म्हणजे ९.१ चे आठ. आणि ६.८ च्या वर युरिक ॲसिड रक्तात विरघळलेलं राहू शकत नाही. चहात साखर जास्त झाली की कप गार होताना ती तळाशी बसते, तसे त्याचे सुईसारखे खडे सांध्यात बसतात. अंगठा हा शरीराचा गार भाग, म्हणून तिथं आधी. रात्री पाय आणखी गार होतात, म्हणून दोन वाजता. गाऊटमध्ये आकडा सहाच्या खाली आणून तिथंच ठेवायचा असतो. तो तिथं राहिला तर जुने खडेही महिनोन्‌महिने हळूहळू विरघळत जातात. बहुतेकांना हे गोळीशिवाय जमत नाही. यात यजमानांचा काही दोष नाही. बऱ्याच जणांची मूत्रपिंडं जन्मतःच युरिक ॲसिड कमी बाहेर टाकतात, आणि हे घराण्यात चालत येतं.

गोळीनंच वाढलं, हे त्यांचं म्हणणं निराधार नाही. ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटका येऊ शकतो. रक्तातलं युरिक ॲसिड उतरायला लागलं की सांध्यातले खडे सुटतात, हलतात, आणि त्यानं सूज येते. म्हणजे गोळी काम करते आहे. हे त्यांना आधी कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ती सोडली नसती. म्हणून डॉक्टर ती लहान डोसनं सुरू करून हळूहळू वाढवतात आणि पहिले तीन ते सहा महिने बरोबर कोल्चिसिनसारखं सूज रोखणारं औषध देतात. वर्षात दोन किंवा जास्त झटके येणाऱ्यांना युरिक ॲसिड उतरवणारी गोळी द्यावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना ठामपणे सांगतात. तुमच्या यजमानांना चार झटके येऊन गेले. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, गोळी सोडल्याचं खरं सांगा आणि पुन्हा सुरू करण्याबद्दल विचारा. घरात उरलेल्या पाकिटातून आपल्या मनानं सुरू करू नका. गोळी चालू असताना अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुरळ नसेल तर मात्र झटक्यातही गोळी सोडायची नाही.

जाताना बीपीच्या गोळीचं पाकीट बरोबर न्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटकांची नावं असतात. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर डॉक्टरांना दाखवा. लघवी वाढवून बीपी उतरवणारी ही औषधं युरिक ॲसिड वाढवतात. लोसार्टनसारखी काही औषधं थोडं उतरवतात. बदल करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. बीपीची गोळी तुम्ही बंद करायची नाही. त्याच फेरीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारी तपासणी) आणि साखरही तपासून घ्या. आणि अंगठा दुखला की मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी आणून घेणं थांबवा. बीपी असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडांना ते महागात पडतं. कुणी गुळवेलीचा काढा सुचवला असेल, तर तोही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. करोनाच्या काळात तो घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत.

सांधा लाल-गरम आणि बरोबर थंडी वाजून ताप, असं कधी झालं तर गाऊटच असेल असं धरून घरी बसू नका. सांध्यात जंतुसंसर्ग झाल्यावरही असंच दिसतं आणि तिथं तासांचा प्रश्न असतो.

राहिली जत्रा. पाहुणे येणार, मोठी पातेली चढणार, त्यांना घरात कोंडून ठेवण्यात अर्थ नाही. दोन दिवस आधीपासून पाणी नेमानं चालू ठेवा. "जत्रेत खायचंय" म्हणून आदल्या दिवशी उपाशी राहू देऊ नका. पहिल्या पंगतीला बसवा म्हणजे भूक फार चढणार नाही, आणि आधी ताटात भाकरी, दही-कांदा, एखादी भाजी येऊ द्या. स्वयंपाकाला तुम्ही असालच. आळणी पाणी काढून घेतल्यावर उरलेल्या फोडींतल्या तीन-चार त्यांच्या सुक्क्यासाठी बाजूला ठेवा, आणि त्यात आळणी न घालता साधं पाणी वापरून मसाला शिजवा. त्या फोडींतलं सगळं प्युरिन निघून गेलेलं नसतं, पण बरंच कमी झालेलं असतं. रस्सा नाही, रक्ती-मुंडी नाही. संध्याकाळी मित्रांच्या घोळक्यात बिअरचा आग्रह होणार. "गोळी चालू आहे" एवढंच त्यांनी सांगायचं, पथ्याची चर्चा करत बसायची नाही.

डॉक्टरांकडून आधीच एक गोष्ट लिहून घ्या: झटका आलाच तर कोणतं औषध, किती आणि केव्हा. ते आणून कपाटात ठेवा, कारण पहिल्या काही तासांत घेतलं तर ते सर्वांत जास्त उपयोगी पडतं आणि जत्रेच्या रात्री मेडिकल उघडं नसतं. युरिक ॲसिड पुन्हा तपासायचं ते जत्रा होऊन दोन-तीन आठवडे गेल्यावर. ऐन झटक्यात तपासू नका. तेव्हा आकडा नॉर्मलही येतो, आणि तो बघून यजमान गोळी पुन्हा बंद करतील.